थांबाराव कोतवाल आणि आम्ही चौघं

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला. शेवटी एक प्रेमळ सूचना होती, जमल्यास समारंभात वाचूनही दाखवावं. निरोप पाठवणाऱ्यांना मी शाळेत कशी बोलायचे ते ठाऊक नसावं. वाचेन की. वेळ लागेल, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

मी १९९६ च्या दहावीची. बऱ्याच जणांना मी आठवणार नाही, कारण मी बोलायचेच नाही. हजेरीला 'हजर' म्हणायचं असायचं आणि नेमका तो 'ह' माझ्या घशात बसायचा. मी हात वर करायचे. पाचवीत एका शिक्षकांनी 'हात नको, तोंडाने सांग' असा नियम काढला आणि समोर बसलेली असूनही माझी गैरहजेरी लागू लागली. घरी पत्र गेलं, मुलगी शाळा बुडवते म्हणून.

गंमत म्हणजे प्रार्थनेत, प्रतिज्ञेत, पाढ्यांत माझं काहीसुद्धा अडत नसे. सगळ्या वर्गाच्या आवाजात मीही एकोणतिसाचा पाढा खणखणीत म्हणायचे. गाताना, कुजबुजताना, मांजराशी बोलतानाही तसंच. तोतरेपणाचं हे जगभर सगळीकडे असंच असतं, पण सांगलीच्या गावभागातल्या आमच्या वाड्यात कुणाला ते कुठून माहीत असणार? 'गाताना बरं येतं मग?' हा प्रश्न मी इतका ऐकलाय की त्याची चाल लावता येईल. आजीने वेखंड उगाळून चाटवलं. शंखातलं पाणी पाजलं. मामा तोतरा होता, त्यामुळे दोष आईच्या माहेराकडे गेला. आईला घोर वेगळाच. मुलगा असता तर एक वेळ खपलं असतं, मुलीला बघायला आले आणि नाव विचारलं, तर? (पुढे बघायला आले, नाव विचारलंच. मला वेळ लागला. तेवढ्यात मुलाने आणखी एक चहा मागून घेतला. तो चहा आवडला म्हणून घेतला की मला उसंत मिळावी म्हणून, हे अजून सांगत नाही.)

१९९३ साली मराठी रंगभूमीला दीडशे वर्षं झाली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं ते १८४३ साली, आपल्याच सांगलीत. एरवी पाच नोव्हेंबरचा रंगभूमी दिन पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत अडकायचा, पण त्या वर्षी दिवाळी उशिरा होती. प्रत्येक वर्गाने एक प्रवेश बसवायचा, असं ठरलं. ज्यांना वाक्यं देण्यात अर्थ नाही अशी मुलं वर्गशिक्षकांनी बाजूला काढली आणि सजावटीच्या मदतीला कार्यानुभवाच्या बाईंकडे धाडली. त्या गठ्ठ्यात मी होते.

बाईंनी आधी नावं विचारली. सांगलीवाडीचा सहावीतला पोरगा उठला. आयर्विन पुलावरून सायकल हाणत यायचा, गुडघे कायम फुटलेले. त्याचं नाव 'स' वरून. तो 'स' ओढतच राहिला. मग खणभागातला. त्याचं पहिलं अक्षर चार-पाचदा आपटलं तेव्हा पुढचं निघालं. मग मी. तोंड उघडं, आवाज नाही. शेवटी राहिला हरिपूरचा नववीतला, सगळ्यांत थोराड, आणि तो हसायलाच लागला. बाई रागावून बघायला लागल्या. त्याने हातानेच थांबा म्हटलं आणि हसता हसता बोलला, "ब-ब-बाई, म-माझंबी तसलंच हाय."

माझ्या वयाच्या कुणालाही मी तोवर असं अडकताना पाहिलं नव्हतं. मामा होता, पण तो मोठा माणूस, आणि घरात आला की वर्तमानपत्राआड बसायचा. आज वाचून माहीत आहे की मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण तोतरा असतो आणि लहानपणी याच्या काही पट मुलं काही काळ अडखळून पुढे आपोआप मोकळी होतात. मुली जास्त प्रमाणात मोकळ्या होतात, म्हणून मोठेपणी तोतऱ्यांत पुरुषच फार. हजारावर मुलांच्या शाळेत आमच्यासारखी दहाएक तरी असणारच. पण प्रत्येकाने लपायची कला इतकी कमावलेली की एकाच मधल्या सुट्टीत, एकाच नळावर पाणी पिऊन आम्ही एकमेकांना ओळखलं नव्हतं.

सजावट म्हणून बाईंनी हातबाहुल्या करायला घेतल्या. रद्दी भिजवायची, पाट्यावर वाटायची, त्यात मेथीचं पीठ आणि खळ घालून लगदा मळायचा. फ्यूज गेलेल्या बल्बवर लगदा चढवला की डोकं तयार. मानेत पुठ्ठ्याची नळी, अंगात शिंप्याकडच्या चिंध्यांचा झगा. तोंडाला रंग म्हणून चक्क हळद, हरिपूरच्या मुलाने घरून आणलेली. त्याचे वडील हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, कामाला होते. हात लगद्यात आणि डोळे हातावर असले की बोलणं सोपं जातं, हे आम्हाला तेव्हा कळलं. कुणी तोंडाकडे बघत नाही. एकाचा शब्द अडला तरी दुसरा तो पुरवत नाही, कारण पुरवलेला शब्द गिळताना काय होतं ते चौघांनाही ठाऊक.

भावे स्वतः लाकडी बाहुल्या करायचे, हे बाईंनी सांगितलं. आणि दुसरी एक गोष्ट सांगितली, तिने आमचं काम झालं. भाव्यांच्या नाटकांत पदं ठरलेली असायची, ती सूत्रधार म्हणायचा. पात्रांची भाषणं मात्र लिहिलेली नसायची. ज्याने त्याने आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. तोतऱ्या माणसाला यातली सोय चटकन दिसते. ठरलेलं वाक्य हा आमच्यासाठी सापळा. आम्ही जन्मभर शब्द बदलत जगतो. 'पाणी' अडतंय असं दिसलं की 'तहान लागलीय' म्हणायचं. मी कित्येकदा भडंग आणायला जाऊन चिवडा घेऊन आलेय. नाव तेवढं बदलता येत नाही, म्हणून नावावरच सगळ्यांची गाडी अडते.

तर बाईंनी आमच्याकडून भाव्यांच्या पद्धतीचा खेळ बसवून घेतला. पदं बाई म्हणणार, आम्ही पडद्याआडून मनचं बोलणार. पाच नोव्हेंबरला खेळ झाला. किल्लारीचा भूकंप होऊन महिनाच झाला होता, त्यामुळे गाजावाजा नव्हता, दारात मदतीची पेटी होती. आम्ही चौघं एकदाही न अडता बोललो. मी राक्षसीण होते, आवाज बदलला की मला कुलूप लागत नसे. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, बघा, पडद्याआड गेली की हीच मुलं घडाघडा बोलतात, म्हणजे दोष जिभेत नाही, भीतीत आहे. भीती काढा, मुलं बरी होतील.

अर्धं खरं होतं. दोष जिभेत नसतोच. पण भीती हे मूळही नव्हे. तोतरेपण बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो आणि बोलण्याच्या हालचालींची जुळणी मेंदूत थोडी वेगळी होते. भीती नंतर येते, लोकांच्या चेहऱ्यांकडे बघून. दुसऱ्याच्या आवाजात बोलताना ओझं हलकं होतं हे खरं, पण राक्षसीण खाली ठेवली की मी पुन्हा मीच. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी आजवर सोंग करत होते. 'काल तर नीट बोललीस!' तो आठवडा मला आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जड गेला.

बाईंना आमची तोंडं बघून काहीतरी बिनसलंय ते समजलं. हरिपूरचा म्हणाला, "मग उद्यापास्नं ब-ब-बाहुलीच बसवा की बाकावर." बाई जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "बरं, काय करूया?"

"बाहुली आमच्यावानी बोलंल."

बाई घाबरल्या. लोक हसतील म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. नाटक-सिनेमातलं तोतरं पात्र म्हणजे गडी नाहीतर येडपट, तो आला की हशा ठरलेला. तो कधी नायक नाही, कुणाचा बाप नाही, मामलेदार तर नाहीच. खणभागातला म्हणाला, हसू देत, पण कुणाला हसायचं ते आपण ठरवू.

असा थांबाराव कोतवाल जन्मला. कृष्णाकाठच्या एका गावातल्या देवळाची घंटा चोरीला जाते आणि थांबाराव चौकशीला येतो. त्याने कसं अडखळायचं, यावर आमची कडाक्याची भांडणं झाली. नकला करणारे सगळे 'क-क-क' एवढंच करतात. पण आमच्यात तीन तऱ्हा होत्या. खणभागातल्याचं अक्षर आपटायचं, सांगलीवाडीचा अक्षर ओढायचा, माझा आवाजच बंद व्हायचा, आणि हरिपूरचा दिवसाप्रमाणे तिन्ही. प्रत्येकाला वाटे, थांबाराव आपल्यासारखा व्हावा. सहावीतला पोरगा तर रडला. शेवटी माझं कुलूप पसंत झालं, कारण रंगमंचावर त्याचा उपयोग होता. थांबाराव संशयिताला विचारतो, "घंटा क...", आणि अडकतो. नुसता बघत राहतो. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही. तो आपणहून बोलायला लागतो, मी नव्हतो, बरं होतो तर देवळात होतो, पण घंटेला हात नाही लावला, म्हणजे लावला तो पुसायला. थांबाराव अजून 'क' वरच.

पंचाईत पुढेच होती. कोतवाल हरिपूरच्याकडे होता, आणि बाहुली हातात घेतली की तो अडेचना! मुद्दाम अडखळायला गेला की वाक्य सरळ बाहेर पडायचं. आम्ही पोट धरधरून हसलो. पोर्की पिग नावाचं कार्टूनमधलं डुक्कर आहे. त्याला १९३५ मध्ये पहिला आवाज देणारा नट खरोखर तोतरा होता. त्याचं अडखळणं हवं तेव्हा सुरू आणि हवं तेव्हा बंद होईना, म्हणून १९३७ मध्ये त्याच्या जागी तोतरेपणाची नक्कल करणारा मेल ब्लँक आला. हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं आणि मला आमच्या तालमी आठवल्या. आमची अडचण नेमकी उलटी होती, पण आम्ही नट बदलला नाही. हरिपूरचा घरी पेवाजवळ बसून मुद्दाम अडखळायचा सराव करायचा. वाणीउपचारात असं जाणूनबुजून अडखळायला शिकवतात आणि त्याने अडखळण्याची धास्ती कमी होते, हे तेव्हा ना बाईंना माहीत होतं ना आम्हाला. त्याने मात्र एके दिवशी येऊन सांगितलं, की बसमध्ये कंडक्टरपुढे मुद्दाम अडलो, आणि कंडक्टर वाट बघत उभा राहिला.

गॅदरिंगला थांबाराव पहिल्यांदा अडकला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. आम्हाला ते अपेक्षित होतंच. पण घंटा पुसणारा बोलत सुटला तसा हशा त्याच्याकडे वळला, आणि तिसऱ्या संशयितापर्यंत मुलं थांबाराव अडकायचीच वाट बघायला लागली. तो अडला की अख्ख्या मांडवात चूप, आणि संशयिताने तोंड उघडलं की स्फोट. शेवटी चोर निघाला पुजारी. तो एकटा गप्प बसू शकला होता, म्हणूनच थांबारावाला त्याचा संशय आला. ही कल्पना सहावीतल्याची. खेळानंतर हरिपूरच्याने बाहुली हातातच ठेवून, पडद्याच्या पुढे येऊन आमची नावं सांगितली. सगळी अडखळत. बाईंना मागून शब्द पुरवायचा मोह झाला होता, त्यांनी पदर तोंडात धरला.

त्यानंतर आम्ही बरे झालो का, हे मला आजही विचारतात. नाही. मी हा मजकूर लिहिते आहे त्याच दिवशी गॅस बुक करताना फोनवर आडनावाला अडले. सहावीतला मात्र पुढे आपोआप मोकळा झाला, आणि त्याबद्दल आमच्यापुढे बरीच वर्षं शरमल्यासारखा वागायचा.

न्यूयॉर्कमध्ये २००१ साली टारो अलेक्झांडर या नटाने तोतऱ्या मुलांची एक नाट्यसंस्था सुरू केली. तो स्वतः तोतरा. मुलं नाटकं लिहितात, गाणी रचतात, आणि रंगमंचावर ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढा घेऊ देतात. वाचून हेवा वाटला, आणि जरा शिष्टपणाही आला, आमचा कोतवाल त्यांच्या आधीचा म्हणून. आपल्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मात्र अजून चौथ्या मिनिटाला इशारा आणि पाचव्याला घंटा होते, असं भाची सांगते. संपादक मंडळाने हे वाक्य छापलं तर बघू.

थांबाराव स्वतः २००५ च्या पुरात गेला. सांगलीवाडीला ट्रंकेत होता, पाण्याने लगद्याचा पुन्हा लगदा झाला. आम्ही चौघं आहोत. हरिपूरचा बेदाण्याच्या सौद्यात आहे, खणभागातला पुण्यात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाइप करायला बंदी आहे, बोलूनच पाठवायचं. त्यामुळे 'रविवारी येतोस का' हा निरोपसुद्धा कधी कधी चांगला लांब होतो. परवा ग्रुप कॉलवर विचारलं, स्मरणिकेत काय लिहितेस? मी 'थ' वर अडले. मी सुटेपर्यंत खणभागातल्याने आपला अंदाज सांगितला, सहावीतल्याने त्याचा, आणि हरिपूरच्याने बाईंची बल्बांची पिशवी इतकी वर्षं आपल्याच माळ्यावर असल्याचं कबूल करून टाकलं.