शेपटाला मी होतो

नारिंगी जाकीट मला मुळात नकोच होतं. आमच्या ग्रुपमध्ये ते शेवटच्या गाडीवाल्याला मिळतं. पुढे लीड, मागे स्वीप, आणि स्वीपला सगळे 'शेपूट' म्हणतात. शेपटानं कोणालाही ओव्हरटेक करायचं नाही. कोणी थांबलं तर थांबायचं, कोणी पडलं तर पहिलं पोचायचं. प्रथमोपचाराची पेटी आणि पंक्चरचं किट त्याच्याच बॅगेत. म्हणजे अख्खी राइड दुसऱ्याच्या टेललाइटकडे बघत काढायची. बारा वर्षं बुलेट चालवल्यावर हे काम आपल्या वाट्याला यावं याचा मला राग आला होता. तरी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नाव पडलं तेव्हा मुकाट्यानं अंगठा टाकला.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार, पुणे ते दिवेआगर, ताम्हिणीमार्गे. पहाटे साडेपाचला चांदणी चौकात अकरा गाड्या जमल्या. लीडरनं नेहमीचं प्रवचन दिलं. सरळ रस्त्यावर झिगझॅग चालायचं, पहिला लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा जरा मागे डाव्या अंगाला. आपल्याच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर. ताशी साठला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पळते, म्हणजे दोन सेकंदांत मध्ये जवळजवळ तीन एसटी मावतात. घाट लागला की झिगझॅग मोडून एकामागे एक, कारण वळणावर प्रत्येकाला अख्खी लेन लागते. खड्डा दिसला की त्या बाजूचा पाय बाहेर काढून मागच्याला दाखवायचा. हे सगळं मला पाठ होतं, त्यामुळे मी मोबाइल बघत उभा होतो.

ग्रुपात एक नवीन पोरगा होता, कोणाचा तरी मावसभाऊ. वडिलांची शंभर सीसीची गाडी घेऊन आलेला, हेल्मेट मात्र नवंकोरं, तोंड झाकणारं. खरं तर सगळ्यात नवखा आणि सगळ्यात लहान गाडी लीडरच्या पाठोपाठ ठेवायची, म्हणजे बाकीचे त्याच्या वेगानं चालतात. पण तो लाजला. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो हळूहळू," म्हणाला. आम्हीही 'बरं' म्हणालो. आमच्या मोठ्या गाड्यांना ते सोयीचंच होतं.

पौडपर्यंत ठीक चाललं. पुढे रस्ता उखडलेला, आणि रांगेचं रबर ताणायला लागलं. पहिला खड्ड्यापाशी साठचा तीसवर येतो, खड्डा ओलांडला की पुन्हा साठ. मागचे तेव्हा अजून खड्ड्यातच असतात. पडलेलं अंतर भरून काढायला पाचवा सत्तरनं जातो, आठवा ऐंशीनं. लीडरला वाटतं आपण कसे निवांत चाललोय, आणि शेवटचा जीव खाऊन पळत असतो. हा पोरगा पळूही शकत नव्हता. चढाला त्याची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत होती आणि तिच्यामागे माझी बुलेट तापत होती.

मुळशीचं पाणी मागे पडलं, घाटमाथा आला. धुकं नुकतं उठलेलं, कडेला सोनकी फुललेली, रस्ता मोकळा. आणि मी पस्तीसवर. शेवटी त्याच्या शेजारी गाडी नेली आणि ओरडलो, "खाली विळ्याला थांबतो, ये सावकाश." त्यानं मान हलवली. मी निघालो.

खरं सांगतो, पुढच्या बारा-एक किलोमीटरमध्ये मला फार मजा आली.

विळ्याच्या टपरीवर सगळे चहा पीत होते. नारिंगी जाकीट दिसल्यावर लीडरनं सिगारेट विझवली आणि हेल्मेट उचललं, कारण शेपूट आलं म्हणजे सगळे आले. मी म्हटलं, "एक मागे आहे, येईल." तो काहीच बोलला नाही, हेल्मेट परत सीटवर ठेवलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. घाटात रेंज नाही, फोन लागेना. प्रथमोपचाराची पेटी माझ्या बॅगेत, माझ्या शेजारी, चहाच्या ग्लासाला टेकलेली. मी उठलो.

चढताना एका वळणाच्या वर कौलारू घर लागलं. दारात गाडी उभी, हँडल वाकडं, डावा आरसा गायब. पडवीत पोरगा भिंतीला टेकून बसलेला. डावा हात पंच्यानं गळ्यात बांधलेला, उजव्या हातात कानतुटक्या कपात कोरा चहा. समोर एक काकू भाताच्या सुपाशी. हेल्मेट त्याच्या बाजूला पालथं पडलं होतं, हनुवटीच्या पट्टीवर बोटभर लांब, खोल ओरखडा. उघड्या तोंडाचं हेल्मेट असतं तर तो ओरखडा कुठे आला असता, हे मी बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

खड्डे बुजवायला टाकलेली बारीक खडी वळणावर सुटून पसरली होती. पुढचं चाक तिच्यावर गेलं आणि गाडी डावीकडे निसटली. "पस्तीस-चाळीसवर होतास ना?" मी विचारलं.

"नाही दादा. तुम्ही दिसेनात, म्हणून जरा ओढली."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "एवढ्या गाड्या गेल्या भुर्रकन. ह्याच्या मागं तुमचं कोन नव्हतं काय?"

मी नारिंगी जाकिटात उभा. पाठीवर ठळक अक्षरांत 'स्वीप'. काकूंना ते वाचता येत होतं की नाही माहीत नाही, मला तरी ते अंगावर भाजत होतं. तोंड उघडायच्या आत पोरानंच उत्तर दिलं. "होते ना काकू. दादा होते."

आत जाऊन काकूंनी फडताळातून काहीतरी आणलं आणि माझ्या हातात दिलं. तुटलेला आरसा, दांड्यासकट. रस्त्यात कुणाच्या टायरखाली जाईल म्हणून उचलून ठेवला होता.

शेजारच्या वाडीतला एक जण पिकअप घेऊन आला, पण पोराला आत घ्यायच्या आधी थबकला. "पोलिसांचं काही मागं लागणार नाही ना?" त्याचं चुकत नव्हतं, लोकांनी कोर्टाच्या फेऱ्या मारलेल्या ऐकून असतात. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं 134अ कलम 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात आलं आहे, साक्षीदार होण्याची सक्ती नाही, हे मी सांगितलं. त्याला ते किती पटलं कोण जाणे. पोराचं तोंड बघून त्यानं दार उघडलं. माणगावपर्यंत मी पिकअपच्या मागे पस्तीसवर गेलो. बुलेट व्यवस्थित चालत होती.

एक्स-रेत कॉलर बोन मोडलेलं निघालं. पट्टा आणि सहा आठवडे. त्याचे वडील संध्याकाळी गाडी करून आले, माझे आभार मानून गेले.

दिवेआगरला सुरमई खाल्ली, समुद्र बघितला, रविवारी परतलो.

आता ग्रुपात आरशाचा नियम आहे. मागच्याचा दिवा आरशातून गेला की आपण हळू व्हायचं, तरी दिसला नाही तर कडेला थांबायचं. प्रत्येकानं एवढं केलं की थांबत थांबत निरोप लीडरपर्यंत जातो, फोन लागो न लागो. फाट्यावर मागचा आल्याशिवाय वळायचं नाही. नवखा दुसऱ्या नंबरवर. अर्धे लोक कुरकुरतात, राइडची मजा गेली म्हणतात. दोघं सोडूनही गेले. मी त्यांना काय सांगणार?

पंधरा दिवसांनी पोराची गाडी आणायला मीच गेलो. ताम्हिणीमार्गे जाणाऱ्या एसटीतून काकूंच्या घरापाशी उतरलो. बाकरवडी नेली होती, ती घेतली, पैसे काढल्यावर मात्र रागावल्या. त्यांच्या मुलानं हँडल सरळ करून ठेवलं होतं. शंभर सीसी घाट चढायला लागली, दुसरा गिअर, पस्तीसच्या वर जाईना. मागून हॉर्नचा गलका आला आणि मोठ्या गाड्यांची रांग एकामागे एक मला ओलांडून गेली. मी मोजत होतो, चौदा. शेवटच्यानं अंगठा दाखवला आणि वळणाआड गेला. अजून कोणी मागे राहिलंय का बघायला मी आपोआप डावीकडे नजर टाकली. तिथे आरसा नव्हता. तो माझ्या सॅकमध्ये होता.