घोट्यापर्यंतचा समुद्र

दुपारी माळ्यावरून जुने सँडल काढले, सवयीने एकमेकांवर आपटले, आणि लादीवर चिमूटभर पांढरी वाळू सांडली. "आत्ताच पुसलीय मी," स्वयंपाकघरातून आवाज आला. बायकोला वाळू सांडल्याचं ऐकू कसं येतं, हा वेगळा विषय आहे.

ही वाळू अंदमानातल्या हॅवलॉकची. 2018 पासून त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण जेट्टीवर, हॉटेलात, रिक्षात सगळे हॅवलॉकच म्हणत होते. आपण नाही का अजून व्हीटी म्हणत! तिथून वाळू, शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही उचलून आणायला बंदी आहे. मी उचललं काहीच नव्हतं. सँडलच्या पट्ट्यांनी परस्पर तस्करी केली.

खरं तर आम्ही बेट सोडून बेटावरच गेलो होतो. मी जन्मापासून परळात. जुन्या सात बेटांमधलं हे एक, हे शाळेत पाठ केलेलं. पण करी रोडच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलं की आपण बेटावर आहोत अशी भावना काही होत नाही. समुद्र बघायचा तर दादर चौपाटी गाठायची. रविवारी बाबा पँट दोनदा दुमडायचे, चपला हातात घ्यायचे. आई कोरड्या वाळूत पिशवी आणि पंचा सांभाळत उभी, आणि तिथून तिची आज्ञा सुटायची, "घोट्याच्या वर पाणी नको!" तिचं माहेर रत्नागिरीकडचं. दर्याशी मस्करी करायची नसते, हे ती आईच्या दुधातून शिकून आलेली. आम्ही घोट्यापर्यंत जायचो. लाट मागे फिरली की तळव्याखालची वाळू सरसर निसटायची आणि आपणच मागे मागे ओढले जातोय असं वाटायचं. मी बाबांचं बोट घट्ट धरायचो. बाबांनी कोणाचं धरायचं, हे तेव्हा सुचलं नाही.

आणि पाय दिसायचे नाहीत. पाणी घोट्याशी आलं की पावलं गायब. खाड्यांचा गाळ, मातकट भरती, वर शहराने केलेली भर. त्या करड्या पाण्यात आपली पावलं आहेत हे नुसतं मानायचं. त्यामुळे समुद्राला घोट्याच्या खाली तळ नसतोच, असा माझा पक्का समज होता. पुढे गेटवेवरून लाँचने घारापुरीला गेलो, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलो. पाण्यावरून गेलो, पाण्यात कधी नाही.

तर एलिफंट बीच. हॅवलॉकच्या जेट्टीवरून बोटीने वीसेक मिनिटं. तिथल्या पोऱ्याने कंबरभर पाण्यात उभं केलं, हातात मुखवटा दिला आणि म्हणाला, "थूकिए." आमचा जन्म 'येथे थुंकू नये' वाचण्यात गेला. आजूबाजूला कोणी बघत नाहीसं पाहून थुंकलो. काचेला थुंकी चोळून खळबळली की वाफ धरत नाही. मग नाक बंद, तोंडात नळी, श्वास फक्त तोंडाने. माणसाला श्वास कसा घ्यावा हे पन्नाशीत नव्याने शिकवलं जातं तेव्हा भलतंच अपमानास्पद वाटतं. दोनदा खारं पाणी प्यायलो. तिसऱ्यांदा डोकं खाली घातलं तेव्हा पहिल्यांदा दिसले ते माझे पाय.

स्वच्छ. दहाच्या दहा बोटं. पाण्यात काचेआडून सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं म्हणे, त्यामुळे अंगठे चांगले बटाट्याएवढे. डाव्या अंगठ्याच्या नखावरचा काळा डागसुद्धा दिसत होता. करी रोडच्या जिन्यावर कुणीतरी बूट ठेवला होता त्याची ती पावती. समुद्रात आपण संपूर्ण उभे आहोत, खालपर्यंत, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. पोऱ्या खांद्यावर टकटक करत होता, ट्यूब धरा, पुढे चला. मी आपला पायच बघतोय.

मासे पुढे दिसलेच. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, त्यांची वर्णनं सगळे करतात. आमच्या ग्रुपमधले डोंबिवलीचे काका पाण्यातून डोकं वर काढून पोऱ्याला दरेकाबद्दल एकच विचारत होते, "ये खाने का है क्या?" एक हिरवानिळा, पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचा मासा प्रवाळ खरवडत होता. पॅरटफिश. पाण्याखाली त्याचा कुडुमकुडुम आवाज येतो, चाळीत दुपारी कोणी चकली खावी तसा. प्रवाळावरचं शेवाळ खाताना तो खालचा दगडही चावतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून बाहेर सोडतो. मोठा असेल तर वर्षाला शेकडो किलो. असल्या किनाऱ्यांवरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूत बराचसा माल त्याचा. हे मी परत आल्यावर वाचलं, तोवर त्या वाळूत लोळून फोटो काढून झाले होते.

तिथे असताना रोज संध्याकाळी आईला फोन. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, घड्याळ मात्र मुंबईचंच. मी अंधारात उभा, आणि तिच्या खिडकीत अजून ऊन. ती विचारायची, "फार आत नाही ना गेलास?"

"नाही गं. घोट्यापर्यंत."

ती वाळू सुपलीत भरून कुंडीत टाकणार, एवढ्यात आई काठी टेकत बाहेर आली. कसली रे वाळू? म्हटलं, अंदमानची.

ती थांबली. आमच्या घरात अंदमान म्हणजे मासे नव्हेत. अंदमान म्हणजे काळं पाणी, सेल्युलर जेल, सावरकरांची 1911 नंतरची दहा वर्षं, आणि आजोबांनी लहानपणी तिला सांगितलेला कोलू, कैद्यांना जुंपायचा तो तेलाचा घाणा. तिने सुपलीतली चिमूटभर वाळू उचलली, डोळे मिटले आणि कपाळाला लावली.

मी तोंड उघडलं होतं. मिटलं. चार कण तिच्या भुवईवर चिकटले होते.