भरलेली बाटली

लेक शाळेतून आली की मी आधी तिची पाण्याची बाटली उचलून बघते. पाऊण लिटरची, निळी. पहिली-दुसरीची दोन वर्षं ती बाटली सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत यायची. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागणार. तिथे फिनेलचा वास, पत्र्याच्या दाराचा धाडकन आवाज आणि रांगेतल्या मुलींचा कलकलाट. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही. सहा वर्षांच्या मुलीने हा हिशेब एकटीने मांडला होता आणि तो मला उमगायला जवळजवळ वर्ष गेलं.

शाळेत तिचा कुणालाच त्रास नव्हता, आणि अडचण तीच होती. पालकसभेत बाई म्हणायच्या, "किती शांत आहे हो तुमची मुलगी! आणि अक्षर बघा." अक्षर खरंच सुरेख आहे. घरी आली की मात्र दप्तर दाराशीच पडायचं आणि मग पाऊण तास, कधी दीड तास रडणं, मनगट चावणं, गणवेशाची बटणं ओढून काढणं. सासूबाई तिच्या शेजारी फरशीवर नुसत्या बसून राहायच्या, एक शब्द न बोलता. तिला काय हवंय ते आम्हां सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं होतं.

पुण्याला तपासण्या झाल्या, स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान झालं. तो अहवाल घेऊन मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी तो चाळला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे तर असं काही दिसत नाही. घरी लाड जास्त होतात का?" दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "एवढंच असेल तर विशेष शाळा बघा ना." बाहेर येऊन मी गाडीची किल्ली हातात धरून कितीतरी वेळ पार्किंगमध्ये उभी होते.

वर्गात ओरडणाऱ्या, बाक सोडून पळणाऱ्या मुलाची दखल शाळा घेते. बऱ्याचदा चुकीची घेते, पण घेते. सगळं गिळून बसणाऱ्या मुलाची नोंद कुठेच होत नाही. मुलींचं तर हे हमखास होतं, कारण गप्प मुलगी म्हणजे गुणी मुलगी असं आपण घरातच ठरवून टाकलेलं असतं. मीही ते ठरवलं होतं. बालवाडीत असताना पाहुण्यांसमोर मी तिचं याच गोष्टीसाठी कौतुक करायचे.

मग मी एक शंभर पानी वही केली. महिनाभर रोज लिहिलं: घरी किती वाजता आली, बाटलीत किती पाणी उरलं, डबा किती संपला, रडणं किती वेळ चाललं आणि त्या दिवशी शाळेत काय वेगळं होतं. तिसऱ्या आठवड्यात मला दिसायला लागलं. सगळ्यात वाईट संध्याकाळी म्हणजे बाई रजेवर असल्याने दोन तुकड्या एका वर्गात बसवलेले दिवस.

दरम्यान जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं. स्वमग्नतेसाठी आयसा नावाची मोजणी असते, ४० मुद्दे आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. घरी काय होतं हे तिथे नीट सांगावं लागतं, आणि तिथेही माझी वही कामाला आली.

आणि मग पत्र. आधी तीन वेळा तोंडी विनंती केली होती, तिचा कुठे मागमूस नव्हता. या वेळी साध्या कागदावर, मराठीत, मुद्देसूद लिहिलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. कलम १६ प्रमाणे अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेनुसार सोयी द्यायच्या असतात. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड त्या मुलाची. आम्ही जवळची शाळा निवडली होती. खाली मागण्या चारच: मधल्या सुट्टीच्या आधी स्वच्छतागृहात जाऊ द्यावं, घंटेपासून लांबचा बाक द्यावा, सूचना फळ्यावरही लिहाव्यात, वेळापत्रक बदलणार असेल तर तिला आधी सांगावं. एकाही मागणीला रुपया लागत नव्हता.

कार्यालयातल्या काकांनी आवक क्रमांक टाकला आणि हळूच म्हणाले, "ताई, झेरॉक्सवर पोच घेऊन ठेवा." त्या वाक्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आठ दिवसांत बोलावणं आलं. तिसरीच्या बाई नव्या होत्या. त्यांनी वही तिथेच बसून पानापानाने वाचली. मग एकच प्रश्न विचारला, "बाटली रोज भरलेली येते?" दुसऱ्या दिवसापासून सुट्टीच्या दहा मिनिटं आधी त्या तिला वह्या ठेवायच्या निमित्ताने बाहेर पाठवू लागल्या. स्वच्छतागृह तेव्हा रिकामं असतं. पाचव्या दिवशी बाटली अर्धी आली. मी ती मोरीत ओतलीच नाही, रात्रीपर्यंत ओट्यावर तशीच ठेवली होती.

पुढे यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींच्या, माहितीत विशेष गरजा असलेलं मूल म्हणून तिची नोंद झाली, आणि आता शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षिका येऊन तिला आणि बाईंना भेटतात. सगळं सुटलेलं नाही. परिपाठ अजून लाऊडस्पीकरवरच होतो आणि तेवढा वेळ ती मुठी आवळून उभी असते. तुकड्या अजूनही एकत्र बसतात. फक्त आता आदल्या दिवशी आम्हाला निरोप येतो.

जूनमध्ये चौथी, पुन्हा नव्या बाई. त्यांच्यासाठी मी एक पान तयार करते आहे. काल रात्री ते तिला वाचून दाखवलं. चारही मुद्दे तिने मान हलवत ऐकले. मग म्हणाली, "पाचवा लिही. माझ्या डोक्यावरचा पंखा कुर्र कुर्र करतो. त्यात बाईंचं बोलणं हरवतं."

लिहिला.