रेंज फुल, कॉल गुल

त्या वादळाच्या रात्री साडेआठला लाइट गेली आणि मी फोन बघितला तर रेंज फुल. म्हटलं चला, एवढं तरी बरंय. आईला कॉल लावला तर नुसतीच शांतता, मग टुंग टुंग करून कट. परत लावला, परत तेच. व्हॉट्सअपवर घड्याळाचं चिन्ह हलायला तयार नाही आणि वर कोपऱ्यात त्या चारही दांड्या ऐटीत उभ्या. रात्री एकच्या सुमाराला त्याही गेल्या. सकाळी सहाला आईचा एसेमेस पडला, रात्री नऊला पाठवलेला, "पोचलास का". झालं कुणालाच काही नव्हतं, सगळे सुखरूप, पण तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागलाय आणि घरचे कंटाळलेत म्हणून आता तुम्हाला सांगतोय. पोस्ट लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या दांड्या. त्या फक्त तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचं सांगतात. टॉवरच्या मागे फायबर असते किंवा दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून बसलेली मायक्रोवेव्हची डिश असते, ती साखळी कुठेही तुटली की टॉवर जिवंत पण मुका. दुसरं कारण गर्दी. एका टॉवरवर एकाच वेळी किती कॉल चालणार याला मर्यादा असते, आणि सगळं गाव एकदम फोन लावायला लागलं की ती मिनिटात संपते. एसेमेसचं बरं असतं, तो मधल्या सेंटरमध्ये पडून राहतो आणि फोन सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न होत राहतो. म्हणून तर आईचा नऊचा मेसेज सहाला का होईना, आला. आणि तिसरं, सगळ्यात साधं कारण, बॅटरी. टॉवरखाली काही तासांची बॅटरी असते, कुठे जनरेटर असतो, डिझेल संपलं की संपलं. आमच्या दांड्या एक वाजता गेल्या त्या बहुतेक अशाच.

जपानचं वाचलं तेव्हा तर मी थक्कच झालो. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिथल्या मोबाइल कंपन्यांनी स्वतःहूनच व्हॉइस कॉल रोखले, ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत, नाहीतर सगळी यंत्रणाच बसली असती. डेटाला मात्र बराच मोकळा रस्ता होता, त्यामुळे ज्यांनी मेल टाकले त्यांचं काम झालं आणि जे कॉल लावत बसले ते बसलेच. आणि बंद टॉवरचा आकडा सगळ्यात वर गेला तो भूकंपाच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी! म्हणजे टॉवर पडले म्हणून नाही, बऱ्याचशा ठिकाणी लाइट नव्हती आणि बॅटऱ्या संपल्या म्हणून. नंतर डोकोमो या तिथल्या मोबाइल कंपनीने सातेक किलोमीटर टप्प्याचे शंभरेक मोठे टॉवर खास संकटासाठी उभे केले. शिवाय २०१६ च्या कुमामोतो भूकंपात सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच फुकट वायफाय चालू केलं, नाव काय तर पाच शून्य आणि पुढे जपान. शून्य का? तर यादीत सगळ्यात वर दिसावं म्हणून. असलं साधं डोकं मला फार आवडतं.

पोर्तो रिकोत २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं तेव्हा जवळपास ९५ टक्के टॉवर बंद पडले होते. मग अल्फाबेटचे (गूगलची मालक कंपनी) लून नावाचे फुगे आले, विमानांच्याही वर तरंगत खाली इंटरनेट सोडणारे, पण ते यायला महिना गेला, आणि पुढे २०२१ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला. टोंगाचं तर विचारूच नका. जानेवारी २०२२ मध्ये समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल तुटली. एकच होती. ती जोडायला पाचेक आठवडे लागले, तोवर सॅटेलाइटवर जेमतेम भागवलं. बाहेरून मदत येतेच, नाही असं नाही, पण पहिले दोन-तीन दिवस तुमचे तुम्हीच असता आणि तेव्हा जे आधीपासून जवळ आहे तेच कामाला येतं.

तर "जवळ काय असावं" याच्या मागे लागून मी आणि माझ्या मित्राने लोरा रेडिओचे दोन छोटे बोर्ड मागवले आणि त्यात मेशटास्टिक नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा काडेपेटीएवढा रेडिओ ब्लूटूथने फोनला जोडायचा, फोनवर मेसेज टाइप करायचा, रेडिओ तो हवेत सोडतो, ज्या ज्या नोडला (म्हणजे अशाच दुसऱ्या रेडिओला) ऐकू येतो तो पुढे ढकलतो. या जाळ्यालाच मेश म्हणतात. सिम नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर कमी ताकदीत चालतं म्हणून हॅमवाल्यांसारखी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसारखी, लायसन्सची परीक्षाही नाही. (हॅमवाल्यांबद्दल आदर आहेच, त्यांचा आवाज आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावर, आपटून देश ओलांडतो, तिथे आमचं खेळणं कुठे.) पहिल्याच दिवशी मित्राने ऍंटेना न लावता बोर्ड चालू केला. तसं कधीही करू नका, ताकद बाहेर जायला वाट नसली की ती उलटी येते आणि आतला भाग जळू शकतो. त्याचा वाचला, नशीब त्याचं.

सुरुवातीचे पंधरा दिवस आम्ही नुसती रेंज मोजत फिरलो. टेकडीवर चढ, पुलावर उभा राहा, "आला का? आला का?" या छंदातल्या लोकांनी ३०० किलोमीटरच्या वर मेसेज पोचवलेत, डोंगरावरून डोंगरावर. लोराची युक्ती अशी की तो सावकाश बोलतो. नेहमीच्या सेटिंगला वेग सेकंदाला साधारण एक किलोबिट, म्हणजे फोटो विसरा, आवाज विसरा. पण दरीपलीकडच्या माणसाला आपण कसं एकेक शब्द ओढून हाक मारतो, तसं ते लांब पोचतं आणि गोंगाटातूनही कळतं.

आता मला वाटतं ते पंधरा दिवस फुकट गेले. रेंज हा प्रश्नच नव्हता. प्रश्न गर्दीचा, पुन्हा तोच, फक्त आता टॉवर नाही म्हणून दोष द्यायला कंपनी पण नाही!

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले, अलोहा नेटवर्क. नियम एकच, मनात आलं की बोलायचं, टक्कर झाली तर थोडं थांबून परत बोलायचं. मस्त चालतं, पण गणित असं निघालं की या पद्धतीत हवेतला फार तर १८ टक्के वेळ कामाचा, त्यापुढे जितके जास्त बोलाल तितकं कमी पोचतं. आमचे रेडिओ बोलण्याआधी कानोसा घेतात, तरी डोंगराच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकमेकांना ऐकत नाहीत, दोघंही एकदम बोलतात, आणि वरच्या नोडच्या कानात दोघांचा काला. म्हणजे जो नोड सगळ्यात मोक्याच्या जागी, तोच सगळ्यात त्रस्त.

आणि तरी प्रत्येक नवीन माणूस येतो तो आधी आपला नोड राउटर मोडला टाकतो, कारण नाव भारदस्त आहे. राउटर इतरांच्या आधी मेसेज पुढे ढकलतो, म्हणून तो उंचावरच हवा, आणि मोजकाच. घरातल्या टेबलावर ठेवलेला राउटर म्हणजे अरुंद जिन्यात मधोमध उभा राहून "मी रस्ता दाखवतो" म्हणणारा माणूस. हॉपचंही, म्हणजे मेसेज किती वेळा पुढे ढकलायचा त्या आकड्याचंही, तसंच, मुळात तीन असतात, लोक लगेच सात करतात. अरे बाबांनो, कशाला!

आपल्या लिपीची एक गंमत सांगतो, ही मला कुठे वाचायला मिळाली नाही, स्वतः मोजली. एका मेसेजमध्ये दोनशेच्या आसपास बाइट मावतात. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन, आणि काना मात्रा वेलांटी सगळे वेगळे मोजले जातात. "मी सुखरूप आहे" हे ३५ बाइट, तेच रोमनमध्ये १४. साध्या एसेमेसलाही हाच मार आहे, तिथे १६० ऐवजी ७० अक्षरं. तर मेशवर मराठी लिहावी की रोमनमध्ये टायपावं यावर आमच्या ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. माझं मत, घाबरलेल्या माणसाला जे सहज वाचता येतं तेच लिहा, फक्त थोडक्यात लिहा.

थोडक्यात लिहिलेल्याचं वजन किती असतं ते हैतीत दिसलं. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिथे ४६३६ हा नंबर फुकट एसेमेससाठी उघडला, लोक तिथल्या क्रिओल भाषेत लिहायचे आणि जगभर पसरलेले हैतीचेच लोक आपापल्या घरी बसून भाषांतर करून मदतवाल्यांना द्यायचे. म्हणजे दुसऱ्या टोकाला वाचणारा माणूस होता. आमच्या मेशवर पहिले तीन महिने दुसऱ्या टोकाला फक्त मित्र, तोही ऑफिसमध्ये.

न्यूयॉर्कच्या रेड हूक भागातलं उदाहरण मी सगळ्यांना ऐकवतो. तिथल्या एका स्थानिक संस्थेने छोटं वायफाय मेश लावलं होतं, संकटासाठी वगैरे नाही, रोजच्या वापरासाठी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, पाणी शिरलं, बाकीचं बंद पडलं, हे चालू राहिलं. मग सरकारी आपत्ती यंत्रणेने सॅटेलाइटची जोडणी त्यालाच आणून लावली. ते चाललं कारण लोकांना ते आधीपासून माहीत होतं, पासवर्ड काय, बिघडलं तर कुणाला हाक मारायची. कपाटात डब्यात ठेवलेला रेडिओ वादळात बाहेर काढून, ऍप अपडेट मागतंय आणि इंटरनेट नाही, अशी अवस्था मी स्वतः भोगलीय.

म्हणून आता आम्ही महिन्यातून एका रविवारी दोन तास फोनचं सिम बंद करतो. पहिल्या वेळी अकरा नोड ठरले होते, तीन बॅटरी संपून मेलेले, एकाचं चॅनेलच वेगळं, आणि उरलेल्या सात जणांनी "सगळे ठीक का?" विचारून विचारून हवा अशी भरली की खरा मेसेज असता तर पोचलाच नसता. आता नियम केलाय, स्वतःची खबर एकदा द्यायची, दुसऱ्याची विचारायची नाही, यादीत ज्याचं नाव आलं नाही त्याच्याकडे चालत जायचं.

हा नियम आईने पहिल्याच वेळी मोडला. तिला बोर्ड दिला तेव्हा ती म्हणाली होती, "यात हिरवं बटण कुठेय?" परवाच्या रविवारी मी गच्चीवर सोलर पॅनल बांधत होतो आणि खिशात फोन वाजला. "पोचलास का". २५ बाइट, दोन हॉप. मी घरातच होतो, तिच्या डोक्यावर एक मजला, तरी "हो" टाकलं.