बागेत खेळायला मनाई आहे

आज संध्याकाळी लेकीला घेऊन मागच्या गल्लीतल्या बागेत गेलो. दोन झोपाळे, त्यातल्या एकाची साखळी वर दांड्याला गुंडाळून ठेवलीये, म्हणजे बंद, आणि उरलेल्या एकासाठी नऊ पोरांची लाईन! आमच्या मॅडमचा नंबर आला तेवढ्यात वॉचमन काकांची शिट्टी. बोर्डावर लिहिलंय बॉल खेळू नये, सायकल आणू नये, गवतावर चालू नये, मग पोरांनी काय करायचं, बाकावर बसून बीपीच्या गोळ्यांवर चर्चा?

घसरगुंडी मात्र भारी. प्लॅस्टिकची आहे, घसरून खाली आली की केस सगळे ताठ उभे आणि मला हात लावला की चट्ट करून करंट, मग तेच दहा वेळा, "बाबा शॉक देऊ?"

बाकीची पोरं ओपन जिमच्या मशीनवर लोंबकळत होती, ती खरं तर मोठ्यांसाठी, पण करणार काय.

शेवटी बस पकडून शिवाजी पार्क गाठलं. १९२५ पासून लोकांसाठी उघडं असलेलं मैदान, आधी नाव माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये बदललं. तिथं ना झोपाळा मागितला ना घसरगुंडी, नुसती धावत सुटली. एका अनोळखी पोरांच्या टीमने तिला चक्क फिल्डिंगला उभं केलं, कच्चा लिंबू म्हणून 😄

घरी आल्यावर मोज्यांतून मूठभर लाल माती निघाली. बायको माझ्याकडे बघतेय.