सगळे भाग कंपनीचेच, तरी गाडी बाद

परवा एका कॉलेजातल्या पोराची ट्रॉफी मी काढून घेतली. निर्णय नियमाला धरून होता, पुन्हा तसाच देईन. तरी विषय डोक्यातून जात नाही.

अमेरिकेत मी पोटापाण्याला मेकॅनिक आणि ऑटोक्रॉसच्या दिवशी तक्रार समितीवर. मोकळ्या पार्किंगमध्ये कोन मांडून एकेक गाडी वेळ लावून सोडतात. कोन पाडला की दोन सेकंद वाढतात. सकाळच्या तपासणीत ब्रेक, चाकांचे नट, बॅटरी, हेल्मेट एवढंच पाहतात. गाडीत काय बदललंय त्यावरून ती कुठल्या क्लासची, म्हणजे कुठल्या गटात धावणार, हे चालकानेच ठरवून दारावर चिकटवायचं. लेखी तक्रार येईपर्यंत ते खरं की खोटं, कुणी बघत नाही.

त्याची १९९४ ची मझदा मियाटा, ई स्ट्रीट क्लासमध्ये. स्ट्रीटमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदला, ब्रेक पॅड बदला, पुढचा किंवा मागचा एक अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) बदला. स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही. तक्रारीत शॉकबद्दल परिच्छेदभर लिहिलं होतं, ते मी सोडून दिलं. चाक उतरवलं, स्प्रिंगचा मळ घासून काढला आणि तारेला व्हर्नियर लावला. तीन जागी मोजलं, कारण रंगाचे थर मापात भर घालतात. तार साध्या मियाटापेक्षा जाड, ‘आर’ पॅकेजची, म्हणजे कंपनीच्याच कडक सस्पेन्शनवाल्या प्रकाराची. आणि बॉनेट उघडलं तर पॉवर स्टिअरिंगचा पंप! आर पॅकेज पॉवर स्टिअरिंगशिवायच येत असे.

“पण सगळं मझदाचंच आहे, त्याच वर्षाचं,” तो म्हणाला.

खरं होतं. एससीसीए, म्हणजे ही शर्यत ज्याच्या नियमांवर चालते तो अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब. त्याचा नियम पॅकेज बदलू देतो, पण त्याच वर्षाच्या गाड्यांमध्ये आणि पूर्णच्या पूर्ण. कारखान्यातून कधी एकत्र निघालेच नाहीत असे भाग एका गाडीत चालत नाहीत. मला हे मनापासून पटतं. स्टिअरिंग रॅकचं (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याचं) गुणोत्तर मॅन्युअलमध्ये १८:१, पॉवरमध्ये १५:१. कोनांमधून नागमोडी जाताना पॉवरवाल्याचे हात कमी फिरतात. कडक स्प्रिंग हवी तर तिच्याबरोबरचं संथ स्टिअरिंगही घ्यावं. स्ट्रीट प्रिपेर्ड या जास्त बदल चालणाऱ्या गटात, नियमपुस्तकाच्या यादीत एकाच ओळीवर असलेल्या गाड्यांचे भाग आपसात चालतात, पण तिथेही इंजिन अख्खंच बदलावं लागतं.

त्या स्प्रिंग आधीच्या कुठल्यातरी मालकाने बसवलेल्या. तक्रारदार उन्हाळाभर त्याच्या शेजारी गाडी लावत होता. स्प्रिंग त्याला हरल्यावरच दिसल्या. हे वागणं हलकं आहे, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

पोराने वाद घातला नाही. स्वस्त काय पडेल, एवढंच विचारलं. साध्या स्प्रिंग भंगारात मिळतील, म्हटलं. पॅकेज पूर्ण करायचं तर रॅकपासून पुढच्या बंपरखालच्या एअर डॅमपर्यंत सगळं शोधत बसावं लागेल.

हंगामाआधी नवख्यांच्या गाड्या क्लासच्या दृष्टीने तपासू, एक शनिवार माझं गॅरेज मोकळं ठेवतो, असं मी क्लबला लिहून दिलं आहे. नियम वाचणं चालकाचं काम, असं एकाचं उत्तर आलं. नियमपुस्तक त्या पोराने वाचलं होतं. स्प्रिंगच्या तारेची जाडी त्यात छापलेली नसते.