कांचनजंगा दिसलं नाही, डाग दिसले

दार्जिलिंगला चार दिवस राहून कांचनजंगा न बघता परत येणारी माणसं असतात, त्यातले आम्ही दोघं, मी आणि बाबा. मार्चअखेर होती. टायगर हिलला पहाटे चारला जीपमध्ये कोंबून नेलं, थंडीने दात वाजतायत, दोनशे माणसं मोबाईल वर धरून उभी, आणि समोर काय तर राखाडी पडदा. मी म्हटलं गेलं धुक्यात. बाबांनी चष्मा काढला, काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "धुकं असतं तर काच ओली झाली असती. ही कोरडी आहे. हे दुसरंच काहीतरी आहे."

बाबांनी वाईला तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय, रिटायर होऊनही ते काही सुटलेलं नाही. ट्रिपचं खरं कारणही तेच. त्यांना बोस इन्स्टिट्यूट बघायचं होतं, मला चहा आणि टॉय ट्रेन, म्हणून कोलकाता अधिक दार्जिलिंग असं जोडपॅकेज आम्हीच बनवलं.

कोलकात्यातलं आवरतं घेते, कारण तिथे उकाड्याने जीव गेला होता. आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर जुनी दगडी बिल्डिंग आहे, जगदीशचंद्र बोसांनी 30 नोव्हेंबर 1917 ला, स्वतःच्या वाढदिवशी, सुरू केलेली. बंगालीत नाव बसु विज्ञान मंदिर, आणि मंदिर हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरलेला. चिन्ह म्हणजे वज्र. फिजिक्सचा माणूस, पण झाडांची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारं यंत्र, क्रेस्कोग्राफ, बनवतो आणि त्याआधी 1895 मध्ये टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवतो! आपल्याकडे अकरावीतच सायन्सची पोरं मॅथ्स ग्रुप आणि बायो ग्रुप अशी वेगळी बसतात, तिथे तेव्हापासून सगळे एका छपराखाली. बाबा क्रेस्कोग्राफ या शब्दावर इतके खुश झाले की दोन दिवस येता जाता तोच म्हणत होते.

आता दार्जिलिंग. बोसांचं इथलं घर म्हणजे मायापुरी, आणि तिथेच आता संस्थेचं डोंगरावरचं केंद्र आहे. साईटसीइंगच्या लिस्टमधलं हे ठिकाण नाही, बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बरीच मेलामेली करून आमची सोय केली. आम्हाला फिरवायला पीएचडी करणारा एक मुलगा आला आणि त्याने पहिल्याच वाक्यात बाबांना "आइए काकू" म्हटलं. मी तोंड दाबून हसतेय, बाबा मागे वळून बघतायत की कोण काकू आली. बंगालीत काकू म्हणजे काका. पुढे दिवसभर ते काकूच होते आणि मी दीदी.

बाबांनी पहिला प्रश्न चष्म्याचाच विचारला. पोरगा हसला आणि आम्हाला एका मशीनपाशी घेऊन गेला. फ्रिजच्या वर बसेल एवढं खोकं, छतातून एक नळी आत आलेली, त्यातून हवा सतत ओढली जाते आणि फिल्टरच्या पट्टीवरून जाते. पट्टी आपल्या जुन्या कॅसेटसारखी थोडी थोडी सरकते. हवेतली काजळी तिच्यावर बसून गोल डाग पडतो, त्यातून प्रकाश टाकायचा, किती अडला ते मोजायचं, त्यावरून काजळी किती ते कळतं. याला म्हणतात एथॅलोमीटर. त्याने वापरून झालेली पट्टी उलगडून दाखवली, टिकलीएवढे डाग ओळीने, काही फिकट करडे आणि काही पार काळे. कुठला कधीचा ते विचारल्यावर म्हणाला, दीदी, सकाळी गावातल्या चुली, शेगड्या आणि जीप, ते इथलंच. दुपारी मात्र खालून येतं. ऊन चढलं की डोंगराचा उतार तापतो, हवा दरीतून वर चढते आणि मैदानातला धूर बरोबर घेऊन येते. मार्च एप्रिलात त्यात जंगलातल्या वणव्यांची आणि शेतात जाळलेल्या काडीची भर. सगळा गोळा होऊन साधारण 2,200 मीटरवर.

म्हणजे हिल स्टेशनची शुद्ध हवा खायला आम्ही आलो, तर खालची हवाही दुपारच्या गाडीने मागोमाग आलीच होती!

बाबा म्हणाले, आमच्या महाबळेश्वरलाही पुण्याच्या आयआयटीएमची, म्हणजे हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची, ढगांची लॅब आहे, तिथे पावसाळ्यात ढग स्वतः खिडकीत येतो, मागे जायला लागत नाही. पोरगा म्हणाला, म्हणून तर काकू डोंगरावर बसायचं. ढगाचा प्रत्येक थेंब कुठल्यातरी कणावर धरतो, धुळीच्या, मिठाच्या, धुराच्या, आणि तो कण कसला आहे त्यावर थेंब कसा ते ठरतं.

मग बाहेर आलो, तर तिथे डिटेक्टर मांडलेले, सहा षटकोनात आणि सातवा मधे. कॉस्मिक रेजसाठी. अंतराळातून आलेला कण वर हवेवर आदळतो, त्यातून कणांचा फवारा उडतो आणि तो खाली येईपर्यंत विरत जातो, म्हणून तो पकडायचा तर जितकं उंच जाल तितकं बरं. आपल्या तळहाताएवढ्या जागेतून समुद्रसपाटीलासुद्धा सेकंदाला एकाच्या आसपास म्युऑन, म्हणजे याच फवाऱ्यातला एक कण, जातो, हे मला बाबांनी शाळेत असताना सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला नव्हता. एका खोलीत प्लॅस्टिकचे साधे तक्ते पण बघितले, पेटचे, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं जे प्लॅस्टिक तेच. हे महिनोन्महिने उघड्यावर ठेवायचे, मग कॉस्टिक सोड्यात बुडवायचे, जड कण घुसला असेल तर तिथे बारीक खड्डा उमटतो. किरकोळ कणांची हे प्लॅस्टिक दखलच घेत नाही, तोच त्याचा गुण. पुन्हा डागच!

इथे बाबा गप्प झाले आणि मग बिभा चौधुरींबद्दल बोलायला लागले. मला हे नाव माहीतच नव्हतं, आधीच कबूल करते. 1936 ला कलकत्त्यातून फिजिक्स एमएस्सी, वर्गात एकटी बाई. जगदीशचंद्रांचे भाचे देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी फोटोग्राफिक प्लेट्स दार्जिलिंगला आणि त्याहून वर संदकफूला ठेवल्या, कित्येक महिने, मग मायक्रोस्कोपखाली कणांच्या वाटा मोजत बसायचं. कॉस्मिक रेजमधल्या एका कणाचं वजन इलेक्ट्रॉनच्या दोनशे पटींच्या आसपास निघालं, ते 'नेचर'मध्ये छापूनही आलं. पण काळ दुसऱ्या महायुद्धाचा, चांगल्या प्लेट्स मिळेनात, काम तिथेच थांबलं. पुढे सेसिल पॉवेलनी त्याच पद्धतीने, पण सुधारलेल्या प्लेट्स वापरून 1947 मध्ये पायॉन नावाचा कण शोधला आणि 1950 चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाताई नंतर मुंबईला टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक. बाबा म्हणाले, तीस वर्षं मी पॉवेल शिकवला आणि हिचं नाव एकदाही फळ्यावर लिहिलं नाही. मला काय बोलावं सुचेना, मी चहाचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी टॉय ट्रेन. घूमपर्यंत आणि परत, वाफेचं इंजिन, दोन फुटी रूळ, बतासिया लूपला सगळे सेल्फीत. बाबा खिडकीशी बसले होते पांढरा शर्ट घालून. उतरलो तेव्हा बाहीवर कोळशाचे बारीक काळे ठिपके. लाँड्रीत टाकू म्हटलं तर नको म्हणाले, त्यांनी तो शर्ट तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाईला आणला, आईने पहिल्याच दिवशी धुऊन टाकला.

2019 मध्ये एका ताऱ्याला बिभा नाव दिलंय, हे बाबांना परतीच्या गाडीत नेटवर सापडलं. षष्ठांश नावाच्या फिक्या तारकासमूहात आहे, मघाच्या खालच्या अंगाला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग काय, एप्रिलमध्ये एका विद्यार्थ्याची दुर्बीण मागवली, गच्चीत लावली, नकाशा काढला, आईला दिवे बंद करायला लावले. मघासुद्धा पुसट दिसत होती. पश्चिमेकडच्या गावांत भाताच्या रानात राब भाजत होते, धूर सगळा खाली उतरून आलेला. बाबांनी चष्मा काढून काचेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि दुर्बिणीला झाकण लावलं.